डायनासोर कशानं गेले, आपल्या सह्याद्रीच्या लाव्हानं की मेक्सिकोतल्या उल्केनं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीच्या दिवशी मी लोकांना घाटात दगड बघायला घेऊन जातो. तिथे मोठ्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे जे प्रश्न विचारतात तेच इथे घेतलेत, आणि ज्या क्रमानं विचारतात साधारण त्याच क्रमानं.

आधी एका वाक्यात सांगा, कोणामुळे गेले?

माझं मत सांगतो, उल्केमुळे. पण आपल्या लाव्हाला यातून पूर्ण सोडून द्यायला मी तयार नाही, आणि बऱ्याच शास्त्रज्ञांचीही तशी तयारी नाहीये. वाद आता "हा की तो" असा कमी आणि "कोणी कधी किती नुकसान केलं" असा जास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला जगभरातून लोक पोलादपूर, वाई, महाबळेश्वर, इगतपुरीला येऊन दगड घेऊन जातात, हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीतच नसतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

हे सगळं कधी झालं? नुसते डायनासोरच गेले का?

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. आणि नाही, नुसते डायनासोर नाहीत. जगातल्या सुमारे ७५ टक्के प्रजाती गेल्या, समुद्रातले गुंडाळलेल्या शंखासारखे अमोनाइट गेले, मोसासॉरसारखे मोठे सागरी सरडे गेले, आकाशातले टेरोसॉर गेले, समुद्राच्या वरच्या थरात तरंगणारे डोळ्यांना न दिसणारे फोरामिनिफेरा नावाचे जीव जवळजवळ साफ झाले. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहेत, कारण डायनासोरची हाडं मोजकीच सापडतात पण हे सूक्ष्म जीव समुद्राच्या तळाच्या गाळात करोडोंनी असतात. त्यामुळे "हळूहळू गेले की एकदम गेले" याचा हिशोब त्यांच्यावरूनच नीट लागतो. तो हिशोब सांगतो की एकदम गेले, दगडात अक्षरशः एका रेषेवर.

आणि डायनासोरही सगळे गेले नाहीत बरं का. पक्षी हे डायनासोरच. तुमच्या खिडकीतला कावळा त्याच घराण्यातला आहे.

उल्केची थिअरी आली कुठून?

इटलीत गुब्बियो नावाचं गाव आहे, तिथल्या घळीत चुनखडीचे थर आहेत आणि त्यात एक जेमतेम सेंटिमीटरभर जाडीचा मातीचा थर आहे. त्याच्या खाली मोठे फोरामिनिफेरा, वर जवळजवळ काहीच नाही. वॉल्टर अल्वारेझ नावाच्या भूशास्त्रज्ञाला प्रश्न पडला की हा सेंटिमीटरभर थर साचायला किती वर्षं लागली असतील, आणि त्यानं तो वडिलांना विचारला. वडील म्हणजे लुईस अल्वारेझ, १९६८ चे फिजिक्सचे नोबेल विजेते. त्यांनी सुचवलं की इरिडियम मोजून बघू, कारण इरिडियम पृथ्वीच्या कवचात फार कमी असतं, ते मुख्यतः अवकाशातल्या धुळीतून सावकाश खाली येत राहतं, म्हणजे ते एक प्रकारचं घड्याळ. मोजलं तर भलतंच निघालं. नेहमीच्या सुमारे ३० पट इरिडियम. डेन्मार्कच्या त्याच वयाच्या थरात तर १६० पट. एवढं इरिडियम धुळीतून येणं शक्यच नव्हतं, म्हणून १९८० साली त्यांनी फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्यासोबत पेपर लिहिला की सुमारे १० किलोमीटरचा लघुग्रह पृथ्वीवर आदळला. (सगळे त्याला उल्का म्हणतात म्हणून मीही म्हणतोय, पण एवढ्या आकाराला लघुग्रह हाच शब्द बरोबर.)

विवर मात्र सापडत नव्हतं. खरं तर ते आधीच सापडलेलं होतं, मेक्सिकोच्या तेल कंपनीसाठी सर्व्हे करताना ग्लेन पेनफिल्ड आणि अँटोनियो कामार्गो यांना १९७० च्या दशकात युकातान किनाऱ्यावर जमिनीखाली एक प्रचंड गोल आकार दिसला होता, त्यांनी १९८१ साली ते जाहीरही केलं, पण उल्केचा शोध घेणाऱ्यांपर्यंत ते पोचलंच नाही. १९९१ मध्ये अॅलन हिल्डब्रँड आणि इतरांनी हे धागे जोडले आणि चिक्सुलुब हे नाव जगभर झालं. व्यास सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे आपल्याकडे पुणे ते नाशिक या सरळ रेषेलाही झाकून टाकेल एवढा खड्डा. पुढे २०१६ ला तिथे समुद्रात भोक पाडून दगडाचे नमुने काढले, त्यातही इरिडियमचा थर मिळाला.

मग सह्याद्रीचं नाव यात कसं आलं?

कारण वेळ जुळते. फार विचित्रपणे जुळते.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग एकाच प्रकारच्या काळ्या दगडाचा आहे, बेसाल्टचा, आणि तो सगळा थिजलेला लाव्हा आहे. रायगड त्याचा, सिंहगड त्याचा, वेरूळचं कैलास लेणं त्यातच कोरलेलं. याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला, आणि सह्याद्रीचा कुठलाही डोंगर लांबून बघा, कडा, मग झाडीची पट्टी, परत कडा, परत पट्टी अशा पायऱ्याच दिसतात. आज हा लाव्हा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर उरलाय, मूळचा याहून बराच मोठा होता, त्यातला खूप झिजला आणि काही अरबी समुद्राखाली आहे.

उल्केची थिअरी आली त्याच सुमाराला अमेरिकेतले ड्यूई मॅकलिन म्हणत होते की नाही, मारेकरी डेक्कनचे ज्वालामुखी आहेत, त्यांच्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडनं हवामान आणि समुद्र बिघडला. मग फ्रान्सचे व्हिन्सेंट कुर्तियो यांनी दाखवलं की हा लाव्हा बराचसा थोडक्या काळात वाहिला आणि तो काळ याच विनाशाच्या आसपासचा आहे. नंतर अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गेर्टा केलर यांनी अनेक वर्षं उल्केच्या विरोधात एकहाती म्हणावी अशी बाजू लढवली, त्यांनी राजमहेंद्रीजवळचे थर आणि कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या ओएनजीसीच्या विहिरींचे नमुने तपासले. राजमहेंद्री कशाला, तर आपल्या घाटातला लाव्हा वाहत वाहत पार तिथपर्यंत, हजारभर किलोमीटर, आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत गेलाय आणि तिथे त्याच्या मधे समुद्री जीवांचा गाळ अडकलाय, त्यामुळे लाव्हा आणि जीव एकाच ठिकाणी वाचता येतात.

या बाजूचा एक मुद्दा मला आजही जड वाटतो. पृथ्वीच्या इतिहासात पाच मोठे विनाश झाले. २५.२ कोटी वर्षांपूर्वीचा सगळ्यात भयंकर, त्या वेळी सायबेरियात असाच लाव्हा पसरत होता. २०.१ कोटी वर्षांपूर्वीचा, त्या वेळी अटलांटिकच्या जागी. आणि हा आपला. उल्केशी जोडलेला विनाश मात्र एकच. कॅनडातलं मॅनिकुआगन विवर, सैबेरियातलं पोपिगाय, दोन्ही १०० किलोमीटरच्या आसपासची, पण त्यांच्या वेळी असा मोठा विनाश झालेला नाही. त्यामुळे "लाव्हाचा काय संबंध" असं सहज म्हणून उडवून लावणाऱ्यांशी माझं जमत नाही.

हा लाव्हा एकदमच उसळला का? म्हणजे डोंगर फुटला आणि सगळीकडे आग?

नाही नाही. सिनेमात दाखवतात तसा शंकूसारखा डोंगर नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा वाहायचा, एक थर व्हायचा, मग थांबायचा, कधी शंभर कधी हजार कधी अजून जास्त वर्षं, त्या मधल्या काळात वरचा दगड कुजून माती व्हायची, झाडं यायची, तळी व्हायची, आणि मग परत लाव्हा. असे थरांवर थर. सगळा मिळून ११ लाख घन किलोमीटरहून जास्त लाव्हा, त्यातला बहुतेक सुमारे ७.५ लाख वर्षांत आला.

त्या थरांना भूशास्त्रज्ञांनी नावं दिलीत आणि ती ऐकून मला दर वेळी भरून येतं. खालून वर: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, मग खंडाळा, बुशे, मग पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा. अमेरिकेतल्या कॉन्फरन्समध्ये लोक "पोलादपूर" आणि "आंबेनळी" यावर तासतास भांडतात. आपल्याकडे आंबेनळी घाट म्हटलं की लोकांना फक्त वळणं आणि धुकं आठवतं.

एका थराची ताकद किती ते कळायला आइसलँडचं लाकी घ्या. १७८३ साली तिथे अशाच भेगेतून आठ महिने लाव्हा आला, साधारण १५ घन किलोमीटर. त्याच्या गंधकाच्या आणि फ्लोरिनच्या वायूंनी गवत जळालं, गुरं मेली, दुष्काळ पडला आणि आइसलँडची सुमारे एक पंचमांश माणसं गेली. आणि डेक्कनमधले मोठे लोट एकेक हजार घन किलोमीटरच्या वर आहेत. म्हणून लाव्हापेक्षा वायू महत्त्वाचा, लाव्हा फक्त त्याच्या वाटेत जे येईल ते जाळतो, वायू सगळ्या जगाला पुरतो. गंधकाचा वायू काही वर्षं थंडी आणतो, कार्बन डायऑक्साइड हजारो वर्षं उकाडा.

दगडाचं वय इतकं नेमकं कसं कळतं? कोणी लिहून ठेवलंय का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण सगळा वाद इथेच येऊन अडकतो.

घाटाच्या रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे काळ्या दगडाच्या दोन थरांमधे तांबडा, विटकरी रंगाचा पट्टा दिसतो, कधी हातभर जाडीचा, कधी वीतभर. भूशास्त्रात याला रेड बोल म्हणतात. लोकांना वाटतं की ही कुठून तरी वाहून आलेली माती आहे. ती बऱ्याचदा त्या दोन लोटांच्या मधल्या विश्रांतीतली जमीन असते, खालच्या लाव्हाची झालेली माती, जिच्यावर वरचा लाव्हा येऊन पडला आणि तिला भाजून काढलं. म्हणजे तुम्ही त्या पट्ट्याला हात लावता तेव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या जमिनीला हात लावता, तिच्यावर त्या काळी ऊन पडत होतं.

आता गंमत बघा. वयासाठी सगळ्यात भरवशाचा खनिज म्हणजे झिरकॉन, त्यात युरेनियम असतं, ते ठरलेल्या वेगानं शिसं बनत जातं, दोघांचं प्रमाण मोजलं की वय मिळतं. पण बेसाल्टमधे झिरकॉन जवळजवळ नसतोच. मग प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन यांच्या टीमनं, ज्यात अमरावती विद्यापीठाचे सय्यद खद्रीही होते, ते झिरकॉन या तांबड्या मातीत शोधले. दुसऱ्या कुठल्या तरी स्फोटक ज्वालामुखीची राख उडून त्या जमिनीवर पडली होती आणि तिच्यात बारीक झिरकॉन होते, पिठाच्या कणाएवढे. पोतीच्या पोती माती धुऊन त्यातून मूठभर कण काढायचे आणि एकेकाचं वय मोजायचं, असं हे काम.

दुसरी पद्धत आर्गॉनची. बेसाल्टमधलं फेल्डस्पार नावाचं खनिज घ्यायचं, त्यातलं पोटॅशियम आर्गॉन होत जातं, ते मोजायचं. ही थेट लाव्हाचंच वय देते पण चूक जरा जास्त असते. बर्कलीच्या पॉल रेनी आणि कोर्टनी स्प्रेन यांच्या टीमनं हे केलं, आयआयटी मुंबईचे कांचन पांडे त्यात होते.

तिसरी मदत चुंबकाची. पृथ्वीचे उत्तर-दक्षिण ध्रुव अधूनमधून उलटे होतात, लाव्हा थिजताना त्या वेळची दिशा त्याच्यात नोंदली जाते. आपल्या घाटातला बराचसा लाव्हा एकाच उलट्या काळात थिजला, आणि उल्का पडली तीही त्याच काळात.

मग तारखा काय म्हणतात? लाव्हा आधी की उल्का आधी?

लाव्हा आधी सुरू झाला, यावर आता भांडण नाही. शोन यांच्या २०१५ च्या पेपरप्रमाणे मुख्य लाव्हा विनाशाच्या साधारण २.५ लाख वर्षं आधी सुरू झाला आणि नंतरही वाहत राहिला. उल्का मधेच कधीतरी पडली. प्रश्न असा की ती पडली तेव्हा कुठला थर चालू होता.

२०१९ च्या फेब्रुवारीत 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन्ही टीमचे पेपर आले. शोन यांची टीम म्हणाली, लाव्हा चार मोठ्या झटक्यांत आला आणि पोलादपूरचा झटका उल्केच्या काही दहा हजार वर्षं आधी सुरू झाला, म्हणजे लाव्हानं जीवसृष्टीला आधीच जेरीस आणलं असू शकतं. स्प्रेन यांची टीम म्हणाली, झटके-बिटके नाहीत, साधारण सलग वाहत होता, आणि तीन-चतुर्थांश लाव्हा तर उल्केच्या नंतर आला, म्हणजे तो विनाशाचं कारण कसा असेल? एकच डोंगर, तेच घाट, दोन पद्धती आणि दोन उत्तरं. ही कोणाची चूक म्हणून मी सांगत नाहीये, ६.६ कोटी वर्षांत काही दहा हजार वर्षांचा फरक पकडायचा म्हणजे किती बारीक काम आहे ते बघा, आणि तरीही दोन्हींचा मोठा आराखडा जुळतो.

मला स्वतःला झिरकॉनची पद्धत जास्त पटते, पण त्यातही एक खोच आहे, राख पडली तेव्हाच झिरकॉन बनला असं नाही, तो आधी कधीतरी बनून ज्वालामुखीच्या पोटात पडून राहिलेला असू शकतो. मग माती आहे त्यापेक्षा जुनी वाटणार.

तुम्ही म्हणता वायूनं मारलं असतं, मग वायू कधी निघाला ते बघा ना?

बरोबर, आणि लोकांनी तेच केलं. लाव्हाच्या तारखा सोडून थेट समुद्राच्या गाळात तेव्हाचं तापमान शोधलं. येलच्या पिन्सेली हल यांच्या टीमनं २०२० मध्ये दाखवलं की विनाशाच्या काही लाख वर्षं आधी जग सुमारे २ अंशांनी तापलं होतं, ते बहुधा आपल्याच लाव्हाच्या वायूनं, पण उल्का पडायच्या आधी तापमान परत खाली आलं होतं आणि त्या तापलेल्या काळात प्रजाती सटासट मेल्या असं दिसत नाही. त्याच्या वर्षभर आधी मायकल हेनेहन यांनी सूक्ष्म जिवांच्या कवचांवरून समुद्राची आम्लता काढली, तर ती हळूहळू वाढलेली नाही, विनाशाच्या वेळी एकदम वाढली. ही दोन्ही कामं माझ्या मते लाव्हाच्या बाजूला सगळ्यात मोठा धक्का देतात.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २०२३ ला सारा कॅलेगारो आणि सहकाऱ्यांनी आपल्या घाटातल्या ठाकूरवाडी ते खंडाळा या थरांच्या दगडात गंधक आणि फ्लोरिन मोजलं आणि सांगितलं की या लोटांनी पुन्हा पुन्हा थोड्या काळाची थंडी आणली असणार. त्याच वर्षी डार्टमथच्या दोघांनी, अॅलेक्स कॉक्स आणि ब्रेन्हिन केलर, कॉम्प्युटरला काहीही न सांगता फक्त तापमान आणि कार्बनच्या नोंदी दिल्या आणि किती वायू लागेल ते उलटं काढायला लावलं, तर उत्तर आलं की हे बदल डेक्कनच्या वायूनं समजावता येतात. आणि मग २०२४ च्या डिसेंबरात लॉरेन ओकॉनर यांच्या टीमनं अमेरिकेतल्या जुन्या पीटमधून, म्हणजे दलदलीत साचलेल्या पालापाचोळ्यातून, जमिनीवरचं तापमान काढलं, तर उल्केच्या ३०,००० वर्षं आधी सुमारे ५ अंशांची घसरण दिसली, लाव्हाच्याच मोठ्या झटक्याच्या वेळची, पण तीही उल्केच्या बरीच आधी भरून निघाली होती.

म्हणजे लाव्हानं त्रास दिला, हे खरं. पण जीवसृष्टी त्यातून सावरत होती, हेही खरं दिसतं.

आणि उल्केनं नक्की मारलं कसं? मेक्सिकोत पडली तर आपल्याकडचे का मेले?

आघातानं, लाटांनी, आगीनं मेले ते जवळपासचे. बाकीचे अंधारानं मेले. पडायची जागा वाईट होती, तिथे गंधकानं भरलेले खडक होते, त्यांची वाफ झाली. काजळी आणि दगडाची बारीक धूळही वर गेली. २०२३ च्या एका अभ्यासात असं निघालं की नुसती ही बारीक धूळ १५ वर्षांपर्यंत हवेत राहिली असेल, तापमान १५ अंशांपर्यंत पडलं असेल आणि जवळजवळ दोन वर्षं झाडांना अन्न बनवता आलं नसेल. दोन वर्षं हिरवा चारा नाही म्हटल्यावर टनावारी खाणारं जनावर कसं जगणार, आणि त्याच्यावर जगणारं तरी कसं जगणार. इटलीपासून न्यूझीलंडपर्यंत इरिडियमचा थर सापडतो, त्या धुळीपासून कुठलीच जागा सुटली नाही.

उल्केच्या दणक्यानं आपला लाव्हा वाढला असं असेल का?

हे मार्क रिचर्ड्स, रेनी आणि इतरांनी २०१५ मध्ये मांडलं. जगभर जाणवेल असा भूकंप झाला, त्यानं जमिनीखालची लाव्हाची व्यवस्था हलली आणि मग पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वरचे ते जाडजूड लोट आले. घाटात खरोखरच फरक दिसतो, खालचे थर पातळ, गुंतागुंतीचे, बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेले, वरचे जाड आणि दूरवर पसरलेले. कल्पना फार सुंदर आहे. पण शोन यांच्या तारखा बरोबर असतील तर पोलादपूर उल्केच्या आधीच सुरू झालं होतं, मग ही थिअरी पडते. म्हणून मी सध्या ती मुलांना "असं असू शकेल" एवढंच म्हणून सांगतो.

लोणारची उल्का तीच का?

नाही. लोणारचं विवर १.८ किलोमीटरचं आहे आणि ते थिजलेल्या बेसाल्टमधे पडलंय, म्हणजे लाव्हाच्या नंतरचं. त्याच्या वयावर वाद आहे, ५०-५२ हजार वर्षं ते सुमारे ५.७ लाख वर्षं असे आकडे आहेत. दोन्हींपैकी काहीही धरलं तरी डायनासोर जाऊन साडेसहा कोटी वर्षं उलटली होती.

मुंबईजवळ समुद्रात शिव नावाचं विवर आहे म्हणे?

शंकर चॅटर्जी यांनी तसं मांडलंय, मुंबई हायच्या भागात ५०० किलोमीटरचं विवर. ते मोठे अभ्यासक आहेत, पण हा दावा बहुतेकांनी स्वीकारलेला नाही. व्हॉट्सअॅपवर मात्र तो सिद्ध झाल्यासारखा फिरतो, कृपा करून पुढे पाठवू नका.

अंधेरीची गिल्बर्ट हिल डायनासोरनी बघितली होती ना?

नाही बघितली. सगळीकडे ६.५-६.६ कोटी लिहितात, पण आर्गॉन पद्धतीनं मोजलेलं तिचं वय सुमारे ६.०५ कोटी वर्षं आलंय, २००१ साली छापलेलं. म्हणजे मुंबईकडे लाव्हाचं शेवटचं काम डायनासोर गेल्यावरही बराच काळ चालू होतं. टेकडी तरीही जपण्यासारखीच आहे, वय कमी निघालं म्हणून तिची किंमत कमी होत नाही.

महाराष्ट्रात डायनासोर होते का? घाटात हाड सापडेल का?

होते. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला एका मोठ्या लांबमान्या डायनासोरचा सांगाडा मिळाला, त्याचं नाव आज इसिसॉरस, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. त्याच जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची दगड झालेली विष्ठा मिळते, आणि २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक साहनी वगैरेंनी त्यात गवताचे सूक्ष्म अवशेष दाखवले, त्यातलं काही तर भाताच्या कुळाशी नातं सांगणारं. तोपर्यंत डायनासोरच्या काळात गवत होतं यावरच कोणाचा विश्वास नव्हता. चंद्रपूरच्या शेण्यांनी जगाची समजूत बदलली, मला हे कितीही वेळा सांगितलं तरी कंटाळा येत नाही.

घाटात मात्र शोधू नका. तिथे लोटावर लोट आला, हाड टिकणार कुठे. अवशेष मिळतात ते लाव्हाच्या खालच्या किंवा मधल्या गाळात, विदर्भ, नर्मदेचा काठ, गुजरात अशा कडेच्या भागात. कच्छमधल्या अंजारला लाव्हाच्या दोन लोटांमधल्या गाळातही डायनासोरचे अवशेष आहेत, याचा अर्थ पहिले लोट येऊन गेल्यावरही ते परत येऊन राहत होते. लाव्हानं लगेच संपवलं नाही याचा हा आपल्याच मातीतला पुरावा.

डायनासोर तसेही संपतच आले होते ना?

असं म्हणणारे आहेत, त्यांच्याकडे आकडेवारी आहे, पण अडचण अशी की शेवटच्या काळातले चांगले अवशेष मुख्यतः उत्तर अमेरिकेच्या एका पट्ट्यातून येतात. तेवढ्यावरून सगळ्या जगाचं सांगणं धोक्याचं. २०२५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या थरांच्या नव्या तारखा आल्या आणि तिथे अगदी शेवटपर्यंत तऱ्हेतऱ्हेचे डायनासोर नांदत होते असं दिसलं. मी "संपत आले होते" हे वाक्य वापरणं सोडून दिलंय.

मगर, कासव, बेडूक कसे वाचले मग?

लहान शरीर, कमी भूक, पाण्यात किंवा बिळात आसरा. गोड्या पाण्यातली साखळी ताज्या हिरव्या पाल्यावर कमी आणि कुजलेल्या पालापाचोळ्यावर जास्त चालते, अंधारातही कुजणं थांबत नाही. मगर महिनोन्महिने उपाशी राहू शकते. मुंबईत वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या मधल्या गाळात छोट्या बेडकांचे जीवाश्म मिळाले होते, १८४७ मध्येच त्यांचं वर्णन छापून आलं. डायनासोर गेल्यानंतरच्या मुंबईतले ते रहिवासी, आणि लाव्हा अजून येतच होता.

मॅमथही यातच गेले का?

नाही, ती पूर्ण वेगळी गोष्ट, काही हजार वर्षांपूर्वीची, आणि तिथला वाद माणसानं मारले की हवामानानं असा आहे.

हे थर प्रत्यक्ष बघायला कुठे जायचं?

पोलादपूरहून महाबळेश्वरला आंबेनळी घाटानं चढा, तोच सगळ्यात चांगला वर्ग. वरंध घाट, वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाट, माळशेज, कसारा, सगळीकडे दिसतं. पाचगणीच्या पठाराचा वरचा थर मात्र जांभा आहे, तो लाव्हा झिजून नंतर झालेला. पावसाळ्यात दरडीखाली थांबू नका, हिवाळ्यातली सकाळ निवडा, गाडी सुरक्षित जागी लावा. तांबडा पट्टा दिसला की त्याच्या शेजारी नाणं किंवा पेन धरून फोटो काढा म्हणजे जाडी कळते, आणि जागा लिहून ठेवा. हातोडी नेऊ नका. रस्ते रुंद करताना काही ठिकाणचे पट्टे आता जाळी आणि सिमेंटच्या फवाऱ्याखाली गेलेत, सुरक्षिततेसाठी ते करावंच लागतं, पण त्याआधी कोणी फोटो काढून मोजून ठेवलं असेल तर तेवढं तरी उरतं. तुमच्याकडे घाटाचे जुने फोटो असतील, लग्नाच्या प्रवासातले, सहलीतले, तर मागच्या दरडीकडे एकदा बघा.